मार्व्हा ससा होत नाही

सशाच्या त्या पोशाखाला कुबट, आंबूस वास यायचा. दर ईस्टरला पोरांना अंडी वाटणारा ससा बनून कुणीतरी त्यात घामाने निथळायचं आणि नंतर तो तसाच गोणीत कोंबला जायचा. हे ‘कुणीतरी’ म्हणजे मार्व्हा डीटरिंग. विस्कॉन्सिनातल्या त्या पुनर्वसन केंद्रात ती रिक्रिएशन थेरपिस्ट होती. अर्धांगवायू झालेल्या माणसाला त्याच्याच आवडीच्या खेळातून, छंदातून पुन्हा उभं करायचं, हे तिचं शिक्षण आणि हेच तिचं काम. पण केंद्रात तिची ओळख एकच, ‘मजावाली’. फुगे फुगवायला मार्व्हा, बिंगोचे आकडे ओरडायला मार्व्हा. हा शब्द कानावर पडला की तिला शिसारी यायची.

यंदा तर व्यवस्थापक ट्रेंटने कहर केला. “शनिवारी नातेवाईक येणार, पोरंबाळं येणार. दहा वाजता ससा हवा.”

“दहाला ऑर्व्हिलची वेळ आहे.”

“अगं, मग तो थोडा उशिरा खेळेल! काय बिघडतं?”

खेळेल! मार्व्हाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑर्व्हिल स्टानिच आयुष्यभर तळ्यावर मासे धरत आलेला म्हातारा. पक्षाघाताच्या झटक्याने त्याची डावी बाजू गेली होती. मार्व्हाने कुणाकडून तरी एक पत्र्याची होडी मागून आणली, अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवली आणि त्या डुगडुगत्या होडीत चढण्या-उतरण्याचा सराव त्याच्याकडून करून घेतला. चढायला जमत होतं, उतरायला नव्हतं. ज्याला हलत्या होडीतून उतरता येतं, त्याला घराच्या पायऱ्याही उतरता येतात. सोमवारी डॉक्टर ठरवणार होते, ऑर्व्हिल घरी जाणार की कायमचा वरच्या मजल्यावर, घरी न परतणाऱ्या रोग्यांत. त्याआधी सरावाला शनिवारची ती दहाची वेळ तेवढी उरली होती.

शुक्रवारी संध्याकाळी ती नाइलाजाने आसपासच्या केंद्रांतल्या थेरपिस्टांच्या संघटनेच्या बैठकीला गेली. मैत्रिणी कधीच्या बोलवत होत्या आणि ती नाक मुरडत होती. बोलिंगच्या अड्ड्यामागची खोली, तळलेल्या माशांचा वास, आणि आत शिरताच कुणीतरी तिच्याकडे रबरी चेंडू फेकला. “नाव सांग आणि आवडती भाजी!” सगळ्या टाळ्या पिटत होत्या. मोठमोठ्या बाया दिवसभर रोग्यांना खेळवून आता एकमेकींना खेळवत होत्या! मार्व्हाला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

तेवढ्यात डेलोरिसने, संघटनेतल्या सर्वांत जुन्या बाईने, चेंडू काखेत धरून विचारलं, “उद्या ससा कोण कोण होणार?”

खोलीतले जवळजवळ सगळे हात वर गेले. टाळ्या थांबल्या.

“आणि त्या वेळेचे रोगी?”

एकजण म्हणाली, “माझ्याकडची बाई चमचा धरायला शिकतेय. उद्या तिची सुट्टी.” दुसरी म्हणाली, “मागच्या वर्षी मी नाही म्हटलं, तर साहेब म्हणाले, दुसरी बोलावतो.”

“दुसरी म्हणजे कोण? तुझ्या जागी मीच आले होते गं!” तिसरी कसनुसं हसली.

मार्व्हाला स्वतःची, त्यांची, सगळ्यांचीच किळस आली. इतकी वर्षं प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असं वाटत होतं आणि साहेब लोक एकीला दाखवून दुसरीला वाकवत होते. चेंडूचा राग ती विसरली. “मी सभासद व्हायला तयार आहे,” ती म्हणाली, “पण आत्ताच ठरवा. रोग्याच्या वेळेत ससा व्हायचं नाही, आणि दुसरीच्या जागीही जायचं नाही.”

“ठरलं,” डेलोरिस म्हणाली. “आणि कुणाला त्रास झाला तर सगळ्या मिळून जाऊ.”

सकाळी मार्व्हाने नकार दिला तेव्हा ट्रेंट हसला. “हरकत नाही, दुसरी बोलावतो.” त्याने तिच्यासमोरच फोन लावला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येकीने आधी विचारलं, ससा व्हायचंय का? आणि प्रत्येकीने नाही म्हटलं. “तुम्हा बायकांचा कट आहे की काय?” तो किंचाळला.

“हो,” मार्व्हा म्हणाली आणि होडीकडे गेली.

ऑर्व्हिल होडीत उभा होता. निरोगी हात काठावर, डावा पाय अधांतरी. होडी डुगडुगत होती. मार्व्हा हातभर अंतरावर उभी होती, पण हात पाठीमागे बांधून. तिने धरलं असतं तर ते उतरणं त्याचं राहिलं नसतं.

दार उघडलं. लांब कानांचं मुंडकं बगलेत धरून, घामाने डबडबलेला ट्रेंट आत आला. त्याच्यामागून वासही आला. पोरांचा घोळका दारात थबकला.

“वा, आजोबा!” ट्रेंट पोरांना ऐकू जाईल असं ओरडला. “मजा येतेय ना?”

ऑर्व्हिलने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याची नजर पायाखालच्या फरशीवर होती.

“आवाज करू नकोस,” तो म्हणाला. “मी घरी चाललोय.”

आणि त्याने डावा पाय खाली टेकवला.