चावीवाले काका आणि गुलाबी चाफा

वरच्या मजल्यावरच्या काकांवर मी नऊ वर्षं चिडत आले. कारण एकच, पाणी. त्यांची बाल्कनी माझ्या कपड्यांच्या दोरीच्या बरोब्बर वर. सकाळी मी चादरी वाळत घालायच्या आणि त्यांनी कुंड्यांना झारीने पाणी घालायचं. ते गढूळ होऊन टपटप माझ्या पांढऱ्या चादरीवर. मी खालून ओरडले की काका कठड्यावरून डोकं काढून म्हणायचे, "अगं, झाडांना काय माहीत तुझी चादर आहे ते?" अशा माणसाशी भांडणार तरी काय?

काका पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. रस्त्याकडेचं लोखंडी झाकण उचलायचं, आत लांब दांड्याची चावी घालायची आणि एकेका भागाचं पाणी सोडायचं. चौतीस वर्षं पहाटे पाचला हेच. त्यापायी उजवं मनगट डाव्यापेक्षा जाड झालेलं. अंगात ताप असला तरी हे जायचे. यांच्यामुळे कोणाचा नळ कोरडा राहिला असं एकदाही झालं नाही. "चावी हळू फिरवायची, नाहीतर पाइप फुटतो," हे ते चहात साखर ढवळतानासुद्धा सांगत. निवृत्त झाले आणि गावाला पुरायचं ते सगळं पाणी बाल्कनीतल्या अकरा कुंड्यांच्या वाट्याला आलं.

काकू अगदी उलट. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात त्यांची नोकरी सरली, त्यामुळे घरात मिठाच्या डब्यावरही तारखेची चिठ्ठी. बोलणं मोजूनमापून. पण माहेरच्या अंगणातल्या गुलाबी चाफ्याचा विषय निघाला की बाई थांबायच्या नाहीत. तो त्यांच्या आईने लावलेला. पाकळ्या कडेला गडद गुलाबी, आत फिक्या होत होत मध्यावर पिवळ्या. उन्हं उतरली की वास सुटायचा, पिकल्या फळासारखा गोड आणि मागे किंचित लिंबाच्या सालीचा. आई गेल्यावर काकू माहेरी जायच्या त्या या वासासाठीच. एकदा रोपवाटिकेतून त्यांनी बियांपासून वाढवलेला चाफा आणला होता. रंग हुबेहूब, वासाच्या नावाने शंख.

"बियांचं झाड आईच्या वळणावर जाईलच असं नाही," काकू म्हणाल्या. "तोच वास हवा, तर तीच फांदी हवी."

गेल्या वर्षी ते घर विकलं गेलं. भावाचा फोन आला, नवे मालक झाड तोडणार आहेत, काय हवं ते घेऊन जा. दोघं जाऊन पाच फांद्या घेऊन आले. वीत-दीड वीत लांब, राखाडी, बोटांसारख्या जाड, एक पान नाही. आईच्या झाडाचं जगात आता एवढंच उरलं होतं.

कापलेल्या टोकांतून पांढरा चीक गळत होता. काकूंनी तो फडक्याने टिपला, फांद्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कपाटावर ठेवून दिल्या. दोन आठवडे.

"दोन आठवडे उपाशी?" काकांचा चेहरा बघवत नव्हता.

"जखम सुकून कडक झाली पाहिजे. आणि लावल्यावरही पानं फुटेपर्यंत पाणी नाही. हिच्या पोटात हिचं पाणी असतं. मुळंच नाहीत तर वरून ओतलेलं पिणार कोण? कुजेल ती."

पुढे निम्मी वाळू घालून चार कुंड्या भरल्या. पाचव्या फांदीला कुंडी उरली नाही, ती कपाटावरच राहिली. प्रत्येक कुंडीला चिठ्ठी लागली: तारीख, आणि खाली 'पाणी नाही'.

चौतीस वर्षं ज्याने गावाला पाणी पाजलं त्याच्या डोळ्यांसमोर रोज सकाळी ही चिठ्ठी. काकांचे हात शिवशिवू लागले. काकू उठायच्या आधी, पाचच्या ठोक्याला, ते एकेका फांदीला वाटीभर पाणी घालू लागले. थेंब माझ्या चादरीवर पडत होतेच, पण कोणत्या कुंडीचे ते मला काय ठाऊक?

तीन आठवड्यांनी काकूंनी एक फांदी हलवून पाहिली. ती खालून काळी, पिकून गेलेल्या केळ्यासारखी मऊ, हातातच आली. मग दुसरी. चारही. अति तिथे माती म्हणतात ते हेच. काकूंनी चार चिठ्ठ्या सोडवल्या, नीट घडी घातल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी काका झारी घेऊन माझ्या दारात.

"ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

"अहो, पण काका..."

"तहानली असतील असं वाटलं गं मला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. नऊ वर्षांचा माझा राग त्या क्षणी कुठे गेला, देव जाणे.

पाचवी फांदी कुंडीत गेली. बाकीच्या झाडांना आता काकूच मापाने पाणी घालायच्या. माझ्या चादरी कोरड्या राहू लागल्या आणि खोटं का बोलू, मला ते आवडेना. पाचव्याच दिवशी काका आले. "झारी गळते का, जरा बघतो."

"नाही गळत. मी पाहिलंय," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते तिला तेलपाणी करायला आले. झारीला तेलपाणी! मी चहा पाजून त्यांना परत पाठवलं.

दीड महिना गेला. एका सकाळी उशीच्या अभ्र्यावर टप्पकन पाणी पडलं. मी दोन-दोन पायऱ्या चढत गेले, जे तोंडात येईल ते बोलायचं ठरवून.

काका बाल्कनीत खाली बसले होते, हातात चहाचा कप, त्यात थोडं पाणी. फांदीच्या टोकावर नखाएवढी दोन हिरवी पानं. चिठ्ठीवर काकूंच्या अक्षरात 'पाणी नाही' खोडून लिहिलेलं: 'एक कप'.

"हात हलला गं," काका म्हणाले. "अर्धा तुझ्याकडेच सांडला." मी दुसरा अर्धा कप आणून दिला.

यंदा दोरीवरचे कपडे काढताना एक अख्खं फूल पडलेलं दिसलं. चाफा कोमेजायची वाट बघत नाही, तसाच गळतो. कडेला गडद, मध्ये पिवळं. मी ते वर नेऊन काकूंच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी ते नाकाशी धरलं आणि किती तरी वेळ डोळे उघडलेच नाहीत. काका दारात उभे होते, निकालाला थांबल्यासारखे.

"आईचंच आहे," काकू म्हणाल्या. मग बाल्कनीकडे पाहून, "कुंडी जरा कोरडी दिसतेय हो. घाला की पाणी." आणि माझ्याकडे वळल्या. "जा गं, यांची झारी घेऊन ये."