बॅगेतले अक्रोड

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, त्या एका लिफ्टसाठी. आमच्या यू-बानच्या, म्हणजे भुयारी मेट्रोच्या, स्टेशनची लिफ्ट बारा महिने बंद असते आणि माझ्या सासूबाईंसारख्या गुडघे धरून चालणाऱ्या माणसांना जिना उतरावा लागतो, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. फ्रँकफर्टमधल्या बँकांच्या मनोऱ्यांत लिफ्ट चालतात, मग आमच्याच स्टेशनने काय घोडं मारलंय, असं त्या विचारायच्या. त्यांच्या पत्रकावर लिफ्ट होती, पाळणाघरं होती, घरभाडी होती. पण त्या ज्यू होत्या आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे लिफ्टबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नाही. सगळे इस्रायलबद्दल विचारत.

सुरुवातीला मी त्यांची थट्टा करायचे. फ्रँकफर्टच्या नगरसेविकेचं परराष्ट्र धोरण ते काय असणार, फार तर नदीपलीकडच्या ओफेनबाख गावाशी भांडण. त्याही हसायच्या. मग हळूहळू त्या हसेनाशा झाल्या.

रविवारी दुपारी त्या आमच्याकडे आल्याच्या चहाला यायच्या. सासूबाई पुण्याहून येऊन वर्ष होत आलं होतं, आणि दोघींना एकमेकींची भाषा कळत नसतानाही त्यांचं छान जमायचं. बाई त्यांना ‘नमस्ते, आई’ म्हणायच्या आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये बोलायच्या. सासूबाई मराठीत उत्तर द्यायच्या. मध्ये मी दुभाषी, तेही दोघींना गरज वाटली तरच.

अशाच एका रविवारी माझ्या नवऱ्याने त्यांना इस्रायलचा तो प्रश्न विचारला. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण बाईंनी कप खाली ठेवला आणि नीट उत्तर दिलं.

“लोक म्हणतात, तू झायनिस्ट, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र देशाच्या बाजूची, आहेस की नाहीस, एका शब्दात सांग. माझ्या आजोबांची बहीण नाझींच्या काळात याच शहरातून पळाली. कुठला देश तिला दारात उभं करत नव्हता. शेवटी ती तिकडे पोचली, म्हणून जगली. बाकीच्यांची नावं आता दफनभूमीच्या भिंतीवर आहेत. त्या शब्दावर मी कशी थुंकू? पण तिकडच्या सरकारने गाझामध्ये वस्त्याच्या वस्त्या पाडायच्या, दुसऱ्यांच्या जमिनी घ्यायच्या आणि हे माझ्यासाठी चाललंय म्हणून सांगायचं, हेही मला चालत नाही. ओलीस नेलेली माणसं घरी यायला हवीत, असं मी म्हटलं तर अर्धे लोक उठून जातात. तिथल्या मुलांना खायला मिळायला हवं, असं म्हटलं की उरलेले अर्धे.”

“आणि जर्मनीने काय करावं?” नवऱ्याने विचारलं.

“शस्त्रं पाठवून जुनं पाप धुतलं जात नाही. आमच्या ज्यू शाळेच्या फाटकावर पोलीस उभा करावा लागणार नाही, असा देश आधी करून दाखवावा.”

मग त्यांनी बॅगेचं सांगितलं. युद्धानंतर जे ज्यू इथे राहिले, ते म्हणे भरलेल्या बॅगेवर बसून राहिले. घर इथे, नोकरी इथे, पण बॅग दाराशी तयार. बाईंच्या आईवडिलांच्या पलंगाखाली अशी एक मोठी तपकिरी बॅग असायची. ते गेल्यावर बाईंनी ती उघडली, कपडे देऊन टाकले आणि रिकामी बॅग तळघरात नेऊन तिच्यात अक्रोड भरले. त्यांच्या बहिणीच्या बागेत अक्रोडाचं झाड आहे. दरवर्षी शरदात येणारे अक्रोड तिच्यात कोरडे राहतात. सभेत तो प्रश्न आला की त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. “माझ्या बॅगेत अक्रोड आहेत.” लोक हसायचे, काही टाळ्या वाजवायचे.

ती बॅग आम्हीही पाहिली होती. आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक घराची सामानाची कोठी आहे, मध्ये फक्त लाकडी पट्ट्या, त्यामुळे कुणाचं काय आहे ते सगळ्यांना दिसतं. सासूबाई एकदा माझ्याबरोबर खाली आल्या होत्या तेव्हा बाईंनी बॅग उघडून त्यांची ओंजळ भरली होती. “बॅगेत अक्रोड ठेवणारी बाई पहिल्यांदा पाहिली,” असं म्हणत त्या जिना चढेपर्यंत हसत होत्या. आमच्या बॅगा तर जन्मात रिकाम्या नसतात. निम्म्या पुण्याला न्यायच्या चॉकलेटांनी आणि निम्म्या पुण्याहून आणलेल्या भाजणीने भरलेल्या.

संक्रांतीला सासूबाईंनी हळदीकुंकू केलं. गावातल्या ओळखीच्या मराठी बायका आल्या, बाईही आल्या, कपाळावर कुंकू लावून घेतलं आणि वाण म्हणून मिळालेला स्टीलचा चमचा अगदी मन लावून न्याहाळला. शेवटी बायकांना न्यायला नवरे आले. त्यांतल्या एका गृहस्थांना बाई ज्यू आहेत हे कळताच त्यांनी हात जोडले, फोटो काढायला लावला आणि इस्रायलच्या लष्कराचं कौतुक सुरू केलं. “देश असावा तर असा, हं. घरात घुसून मारतात,” असं ते इंग्रजीत म्हणाले. बाईंनी शांतपणे त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. गृहस्थांचा चेहरा पडला. बूट घालताना ते मला मराठीत म्हणाले, “वहिनी, ही कसली ज्यू?” मला इतका राग आला की तिळगुळाचा डबा त्यांच्या हातातून परत घ्यावासा वाटला. घेतला नाही.

फेब्रुवारीत खांबांवर पोस्टर लागली आणि हवा बदलली. बाईंच्या पोस्टरवरचे डोळे कुणीतरी कोरून काढले. शनिवारच्या बाजारात त्या पत्रकं वाटत होत्या, तर एक तरुण मुलगी जवळ येऊन त्यांना खुनी म्हणाली. त्याच आठवड्यात त्यांच्याच समाजातल्या एका म्हाताऱ्याने रस्त्यात तोंड फिरवलं. मी त्यांना म्हटलं, घंटीवरचं नाव काढ निदान निवडणूक होईपर्यंत. त्या म्हणाल्या, “मग मी उभी कशाला राहिले?”

आणि मग तो गुरुवार. मी घरूनच काम करत होते, कानात हेडफोन. सासूबाई ओला कचरा टाकायला खाली गेल्या, परत आल्या, देवघरापाशी काहीतरी खुडबुड केली आणि पुन्हा गेल्या. थोड्या वेळाने त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर मोठं समाधान. उजव्या हाताचं बोट लाल.

“खालच्या बाईंच्या पत्रपेटीवर कुणीतरी स्वस्तिक काढलंय बघ,” त्या म्हणाल्या. “निवडणुकीसाठी असेल. पण काढायची रीत माहीत नाही मेल्यांना. तिरकं काढलंय, काळ्या पेनाने, आणि ठिपके विसरलेत. मी ठिपके दिले चार. हळदकुंकू वाहिलं, फूल खोचलं. यश येऊ दे बाईला.”

आमच्या उंबऱ्याबाहेर स्वस्तिक काढायचं नाही, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. इथे ते चालत नाही, असं सांगितलं होतं. का चालत नाही, ते सांगायचा मला कंटाळा आला होता. दुसऱ्या कुणी काढलेलं दिसलं तर काय, हे तर माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी चपला न घालता जिना उतरले. बाई पेट्यांसमोर उभ्या होत्या, हातात किल्ली. पत्र्याच्या पेटीवर जाड काळ्या शाईचं ते चिन्ह होतं, त्याच्या चार घरांत चार लाल ठिपके, खाली ओघळलेलं कुंकू आणि फटीत आमच्या कुंडीतलं पिवळं फूल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“हे रक्त आहे का?” त्यांनी विचारलं.

मी घडाघडा सांगितलं. सासूबाई, कुंकू, ठिपके, यश. त्यांनी बोट लावून पाहिलं, हुंगलं, आणि त्यांना संक्रांत आठवली असावी. त्या हसायला लागल्या. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मलाही हसू फुटलं. बरं वाटलं मला, आता खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी डोळे पुसले. “म्हणजे लाल वरून आलं. आणि काळं?”

मी मागे वळून दाराकडे पाहिलं. आमच्या पत्रपेट्या आतल्या बोळात आहेत. बाहेरचं दार किल्लीशिवाय उघडत नाही. पोस्टमनकडे किल्ली आहे आणि आम्हा दहा घरांकडे.

पोलीस आले. तरुण अधिकारी सभ्य होता, त्याने फोटो काढले आणि लाल पदार्थ कोणता ते मला दोनदा विचारलं. कुंकवाचं जर्मन मला येईना. “पूजेची पावडर,” मी म्हटलं. “आल्झो, म्हणजे ही आजींनी लावली, आणि शुभेच्छा म्हणून?” तो म्हणाला. “गेनाऊ, अगदी तसंच,” मी म्हटलं. त्याने ते तसंच लिहून घेतलं, पण त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही. कुणी काढलं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं, जे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं ते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझ्या देवाच्या चिन्हाने माणसं मारली?” आणि थोड्या वेळाने, “मी त्यावर फूल वाहिलं गं.” त्या रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंकडे गेल्या आणि त्यांचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. भाषांतर लागलं नाही.

त्यानंतर इमारतीचा जिना मला नकोसा झाला. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर ‘हालो’ म्हणत, ते आधीही म्हणत. समोरचं जोडपं सायकली आत घेताना दार धरून ठेवी, तेही आधीसारखंच. प्रत्येकाकडे पाहताना माझ्या मनात एकच विचार, तूच का? तेही माझ्याकडे तसंच पाहत असतील. स्वस्तिक काढणारे लोक म्हणून या इमारतीत आम्हीच तर होतो. लोक फार गोड वागत होते आणि त्या गोडपणाची मला भीती वाटायची.

शेवटची सभा वस्तीच्या सभागृहात होती. मी मागच्या रांगेत बसले. लिफ्टवर बाई छान बोलल्या. मग माईक एका माणसाच्या हातात गेला आणि तोच प्रश्न आला, झायनिस्ट आहात का, आणि तुमची निष्ठा कुठे? बाईंनी आजोबांच्या बहिणीचं सांगितलं, गाझाचं सांगितलं, ओलिसांचं, शस्त्रांचं, शाळेच्या फाटकाचं. एक शब्द बदलला नव्हता. मी पुढच्या वाक्याची वाट पाहत होते, ते माझ्या ओठांवरही आलं होतं. त्या थांबल्या, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, “पुढचा प्रश्न.”

त्या निवडून आल्या. आम्ही घरात पेढे वाटले, बाजारातल्या दूध पावडरीचे. सासूबाईंना वाटलं, संपलं आता सगळं, बाईच जिंकल्या. मलाही तसंच वाटू द्यायचं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. बाई उभ्या होत्या, दोन्ही हातांत कापडी पिशव्या, गच्च भरलेल्या. हँडल ताणून बोटं पांढरी पडली होती. “आईंसाठी,” त्या म्हणाल्या आणि पिशव्या उंबऱ्याच्या आत ठेवल्या. सासूबाई लगबगीने आल्या. त्यांनी एक पिशवी उघडली आणि त्यांचा चेहरा फुलला.

“अगं बाई, अक्रोड. किती हे. सगळेच आणलेस की काय?” त्या बाईंच्या दंडावर हात ठेवून लाडाने म्हणाल्या, “मग आता त्या बॅगेत काय भरणार आहेस?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, भाषांतरासाठी.

“त्या तुझे आभार मानतायत,” मी म्हटलं.