उत्तरेश्वर डायव्हरची तांबडी होडी

अठ्ठावीस वर्षं एसटी चालवून उत्तरेश्वरच्या कमरेला कधी काही झालं नाही, आणि न्हाणीत साबणाची वडी उचलायला वाकला तो तसाच राहिला. बायको सिताबाई बाहेरून दार वाजवून थकली. शेवटी शेजारच्या दोघांनी त्याला टॉवेलसकट उचलून बाहेर आणलं, तेव्हा मणक्याची गादी सरकल्याचं आणि टॉवेल फाटका असल्याचं आख्ख्या गल्लीला एकदमच कळलं. उत्तरेश्वरला दुसऱ्या गोष्टीचं दुःख जास्त झालं.

लातूरच्या डॉक्टरनं तीन महिने फळीवर निजून राहायला सांगितलं. कळंबात माणूस आजारी पडला की येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणि एक इलाज घेऊन येतो. बिस्किटं सिताबाई डब्यात टाकायची, इलाज उत्तरेश्वरला सोसावे लागायचे. समोरच्या घरातली इरम्मा पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसाची लाथ बसली की कंबर मोकळी होते, हे सगळ्यांना ठाऊक. सत्तरीची इरम्मा आठवडाभर रोज सकाळी चहाच्या आधी यायची, "देवा, माफ कर रे बाबा" म्हणून त्याच्या कमरेत एक लाथ घालायची आणि मग चहा प्यायची. गुण आला नाही. म्हातारीला मात्र चांगलीच हुशारी आली.

आढ्याकडं बघून बघून तिसऱ्या आठवड्यात उत्तरेश्वर वैतागला. सिताबाई त्याच्या आधीच वैतागली होती. भाजीला फोडणी जास्त झाली, पंखा कुरकुरतो, दूधवाला उशिरा आला, अशी तक्रारवही दिवसभर चालू असायची. "डेपोत काय बोलत असाल तुमी," ती म्हणाली, "हितं तर माझा जीव खाल्लाय नुसता."

त्याला तारलं ते बुद्धघोषनं. बुद्धघोष त्याच्या गाडीवरचा कंडक्टर, अकरा वर्षं दोघांची जोडी. तो रोज ड्युटी संपली की चक्कर टाकायचा. एकदा तो स्टँडवरच्या फळवाल्याची सफरचंदाची जुनी पेटी घेऊन आला. आत बिस्किटांऐवजी द्राक्षं होती. द्राक्षं संपली आणि उत्तरेश्वर पेटीच्या फळीवरून हात फिरवत राहिला. हलकी, सरळ रेषेची फळी. लहानपणी तो जोंधळ्याच्या चिपाडाच्या गाड्या करायचा, बैलांसकट. बोटांना ते एकदम आठवलं.

"मास्तर," तो बुद्धघोषला म्हणाला, "मी होडी करतो."

"अण्णा, आपल्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय. होडी घालायची कशात?"

पण ही होडी त्याच्या डोक्यात नऊ वर्षांपासून अडकलेली होती. लग्नाच्या पार्टीची गाडी घेऊन तो एकदा गणपतीपुळ्याला गेला होता. वऱ्हाड सगळं होडीत बसून खाडीत फिरून आलं, नवरदेवाचा मामा ओकूनसुद्धा आला, आणि हा गाडी राखत काठावर उभा. "डायव्हर, गाडीकडं बघा हं," म्हणून गेले. त्यानं गाडीकडं पाठ केली आणि दोन तास होड्या बघितल्या.

मग काय, घराची पार रया गेली. फळीवर पालथा पडून, हाताखाली उशी घेऊन तो हॅक्सॉच्या पात्यानं पट्ट्या कापायचा. मधल्या फासळ्या चिपाडाच्या, वर पेटीच्या पट्ट्या. पट्टी वाकत नव्हती, तर चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरून वाकवली. सिताबाईला त्या चहाला फळाच्या पेटीचा वास आला, त्यावरून एक दिवस बोलाचाली झाली. सांध्यांत रंगाऱ्याची लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासली, बोट फिरवलं, परत घासली. दुपारचे तीन कधी वाजायचे त्याला कळायचं नाही. कंबर दुखायची थांबली नव्हती, पण ती दुखतेय हे तो विसरायला लागला होता. तक्रारवही बंद पडली. इतकं सुख त्याला आजारपणात मिळालं याची त्याला थोडी लाजही वाटायची.

होडी तीन फूट झाली. पण डायव्हरनं केलेली होडी ती. तिला पुढं काच आली, डाव्या अंगाला दार आलं, लग्नपत्रिका कापून बाकडी आली आणि एका बाकड्यावर "महिलांसाठी राखीव" आलं. वर टप, टपावर सामानाचा कठडा, मागं शिडी. टप उचलून निघेल असा केला, आतलं सगळ्यांना दाखवायला. रंग एसटीचा तांबडा. कपाळावर पाटी: "कळंब – लातूर, मार्गे समुद्र". चाकं काढायला लावली बुद्धघोषनं, तरी मागं एक स्टेपनी लावलीच.

"पाण्यात पंक्चर कशानं होतंय, अण्णा?"

"स्टेपनी न्हाय ती गाडी मी डेपोतनं काढत न्हाय."

पहिल्यांदा अंगणातल्या हौदात सोडली तेव्हा होडी क्षणभर उभी राहिली आणि उजव्या कुशीवर झोपली. परत उभी केली, परत झोपली. बुद्धघोष म्हणाला, टप काढा, वजन वर झालंय. टप काढायचा म्हणजे शिडी काढायची, शिडी काढली की ती कसली एसटी! उत्तरेश्वरनं ऐकलं नाही. आठवडाभर रोज होडी सोडायची आणि रोज ती आडवी व्हायची. इरम्मा म्हणाली, हिलाबी कंबरच न्हाय.

ते त्याला लागलं. कारण मधल्या काळात लातूरच्या डॉक्टरनं मणक्याचा नवा फोटो बघून सांगितलं होतं, की पट्टा बांधून गाडी चालवायला हरकत नाही, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. ही गोष्ट त्यानं घरी सांगितली नाही. त्याला भीती बसली होती. तुळजापूरचा घाट, गाडीत पन्नास-बावन्न माणसं, आणि न्हाणीत धरली तशी कंबर तिथंच धरली तर? उशीखाली त्यानं एक अर्ज लिहून ठेवला होता: तब्येतीच्या कारणानं स्टेअरिंगवरून काढून हलकं काम द्यावं. बसून कागद शिवायचं काम. तारीख तेवढी घालायची होती.

शेवटी त्यानं भवानीआईला कौल लावला. रविवारी होडी हौदात पाच मिनिटं सरळ उभी राहिली तर गाडी चालवायची, आडवी झाली तर अर्ज द्यायचा. हे त्यानं बुद्धघोषच्या कानात सांगितलं. पण अठ्ठावीस वर्षं इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाचं कुजबुजणं ते. स्वयंपाकघरात सिताबाईनं ऐकलं आणि समोरच्या घरात इरम्मानंही ऐकलं.

रविवारी सकाळी अंगण भरलं. पट्टा बांधून उत्तरेश्वर होडी घेऊन बाहेर आला तर हौदापाशी सिताबाई ताट घेऊन उभी. ताटात हळदी-कुंकू, खण, नारळ, सव्वा शेर गहू.

"हे काय?"

"लेक पहिल्यांदा चारचौघांत चालली. मोकळी धाडू व्हय? ओटी भरायची."

"अगं, ती गाडी हाय."

"नाव म्हणा, होडी म्हणा, बाईच हाय ती. सरका."

बायकांपुढं त्याचं काही चाललं नाही. सिताबाईनं टप उचलला, बाकड्यांच्या खाली तळाला गहू ओतले, हातानं सारखे केले, मधोमध नारळ दाबून बसवला, वर खण अंथरला. इरम्मानं स्टेपनीला कुंकू लावलं. टप बसला. बुद्धघोषनं गळ्यातली शिट्टी काढली, पण मग तोंडानंच "टिंग टिंग" केलं, कारण डबल बेलशिवाय गाडी हलत नाही.

उत्तरेश्वरनं हात सोडले.

होडी जरा खाली बसली, डुलली, आणि उभी राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. बुद्धघोष घड्याळ धरून होता. पाच झाली तेव्हा अंगणात एकच गलका झाला. इरम्मानं आनंदाच्या भरात एक लाथ घालायची तयारी केली, तिला धरलं. उत्तरेश्वरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

मंडळी चहाला आत गेली. तो हौदाच्या काठावर बसून होडीकडं बघत राहिला. बघता बघता त्याची नजर हौदाच्या तळाला गेली. तळाला गहू होते, पाच-पन्नास दाणे, फुगून दुप्पट झालेले. काही तर मोडाला आले होते. आणि आजची ओटी तर आत्ता भरली, तीही कोरडी.

सिताबाई ताट न्यायला आली तेव्हा त्यानं बोट दाखवलं. "हे कधीचे?"

तिनं पदर खोचला. "तुमी दुपारचं घोरत होता तवाचे. चार दिस सोडून बघितली. आधी शेरभर घातले, तर गचके खायची. सव्वा शेर आन् नारळ, तवा बसली."

"म्हंजे कौल देवीनं दिलाच न्हाय."

"देवीला काय तेवढंच काम हाय व्हय? तिच्या दारात रांग लागलीया."

मघाचा सगळा आनंद गेला. मग त्यानं आजवर कुणाला न सांगितलेलं बोलून टाकलं. "सिते, मला भ्या वाटतंय. घाटात कंबर धरली तर?"

"वाटू द्या की," ती म्हणाली. "तुमी गाडी घेऊन गेला की मला अठ्ठावीस वर्षं रोज वाटतंय. म्या केला का कुठं अर्ज?"

अर्जाचं तिला कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. उशीचे अभ्रे तीच धुवायची. त्यानं सकाळीच उशीखालून खिशात घातलेला कागद काढला, बराच वेळ हातात धरला आणि मग फाडला.

"माझी खाकी कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"इस्त्रीवाल्याकडनं मंगळवारीच आणलीया."