सेतुमाधवरावांनी न मारलेली हाक

तमिळ मुलुखातल्या गिंडीच्या ज्या छोट्या कारखान्यात मी साताऱ्याहून येऊन नोकरीला लागलो, तिथे सेतुमाधवराव सुपरवायझर होते. तंजावरकडचे मराठी. बोलणं जुन्या वळणाचं, त्याला तमिळ हेल. वेस्ट मांबलमच्या घरी गच्चीवर रोज सकाळी हवेचा दाब बघायचा आणि वहीत लिहायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. कामगार त्यांना ‘मळै सार’, म्हणजे पाऊससाहेब म्हणत.

२००८ च्या मार्चमध्ये त्यांनी एका दुपारी वादळ येणार म्हणून सगळ्यांना काम थांबवायला लावलं. थेंबही पडला नाही. आठवडाभर हशा चालला. मालकही म्हणाले, “सार, आता आमच्या घरच्या लग्नाचा मुहूर्त तेवढा तुम्हाला विचारत नाही!”

पुढच्या मंगळवारी चारच्या सुमारास पश्चिमेला काळं आभाळ उभं राहिलं. वारा एकदम पडला. त्याच वेळी वेल्डर राममूर्ती छपराचे तडे बुजवायला शिडी चढत होता. सेतुमाधवराव खाली उभे होते. हाक ओठांवर आली, तेवढ्यात मागे कोणीतरी हसलं. कशाला हसलं कोण जाणे. ते गप्प आत गेले.

दहा मिनिटांत वावटळ आली. पत्रा उचकटला आणि त्याच्यासकट राममूर्ती खाली आला. कंबरेचं हाड मोडलं.

इस्पितळात त्याने तमिळमध्ये विचारलं, “सार, आज तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं?”

“नाही,” सेतुमाधवराव म्हणाले.

हे सगळं त्यांनी मला पुढे कधीतरी स्टेशनवर गाडीची वाट बघताना सांगितलं. म्हणाले, “गप्प राहिलो ते भिऊन. पण हे खोटं तर शुद्धीत बोललो.”

दर रविवारी ते राममूर्तीकडे जात. त्याला धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवत. त्याची बायको त्यांना देवमाणूस म्हणायची आणि कॉफी पुढे ठेवायची. आठ महिन्यांनी एका रविवारी त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

राममूर्तीने हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, “हाक मारली असती तरी मी उतरलो असतो की नाही, सांगता येत नाही. पण मारायला हवी होती, सार.”

तो कारखान्यात परत आला, स्टोअरमध्ये बसायच्या कामावर. सेतुमाधवरावांनी मालकांकडून एक नियम मंजूर करून घेतला. गडगडाट ऐकू आला की छपरावरचे खाली, यंत्रं बंद, झाडाखाली कोणी थांबायचं नाही. इशाऱ्याची घंटा त्यांच्याच हाती. कितीदा तरी ती उगाच वाजली. लोक कुरकुरत, पण उतरत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात छपराची दुरुस्ती चालू होती, वर चौघे होते. घंटा झाली, चौघे उतरून ऑफिसात आले, आणि पाठोपाठ वाऱ्याने मागची अख्खी बाजू उडवून अंगणात टाकली. कोणाला खरचटलंही नाही. लोक येऊन त्यांचे हात धरत होते. मीही गेलो.

ते घंटेची दोरी खुंटीला गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या दिवशीही एवढंच करायचं होतं, हो.”