शैलाचे केस कोण विंचरणार?

सकाळी सविताचा फोन आला. "मावशी, ताई उठंनात. लय हाका मारल्या..." शैलाच्या लोणावळ्यातल्या पार्लरमध्ये सविता पहिल्यापासून आहे, उगाच घाबरणारी नाही. तरी मी तिच्यावरच खेकसले, "झोपली असेल, पुन्हा हलव." आदल्या संध्याकाळी शैला माझ्याकडे चहा पिऊन, माझ्या वेणीला यथेच्छ नावं ठेवून गेली होती. असं माणूस सकाळी नसतं? दीड महिना झाला, मला अजून पटलेलं नाही.

आम्ही दोघी वडिवळ्याच्या, शाळेत एका बाकावरच्या. शाळा सुटल्यावर ती खंडाळ्याच्या एका बंगल्यात कामाला लागली. तिथे सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि नायिकेचे केस करणारा माणूस घाटात अडकला. शैलाने तिच्या केसांचा भलामोठा फुगा सोडवला, केस धुतले आणि गॅलरीतल्या वाऱ्यावर मोकळे सुकू दिले. झालं! नायिका तिला मुंबईलाच घेऊन गेली. पडद्यावरच्या कितीतरी बायकांचे केस हिच्या हाताने मोकळे झाले, मग गावोगावच्या मुलीही तसेच केस मागू लागल्या. गावातल्या बायका म्हणायच्या, "शिकून सवरून लोकांची डोकी धरती व्हय?" ती म्हणायची, "व्हय की. बस हितं, तुझंबी धरते." पुढे लोणावळ्याला परतून तिने मावळातल्या पोरींना हे काम शिकवलं. त्यातल्या कित्येकींची आज स्वतःची पार्लरं आहेत.

तिची एकच ताकीद होती. "मी गेल्यावर तेल चोपडून, केस चप्प बसवून मला पाठवलंत तर बघा." आम्ही हसायचो...

त्या दिवशी शैलाला अंघोळ घालून झाली आणि तिची वहिनी तेलाची वाटी घेऊन आली. मी आडवी आले. "शैला अशी जाणार नाही."

"रीत हाय ती," वहिनी म्हणाली. मग तिनेच वाटी खाली ठेवली. "न्हाईतर तुमी करा कुनीतरी. माझा हात धजत न्हाई."

शैलाच्या हाताखाली तयार झालेल्या पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकीचाही हात उठेना. अखेर सविता उशाशी बसली, कंगवा घेऊन वाकली आणि सवयीने विचारून गेली, "ताई, हात लावू का?"

शैलाची शिस्तच तशी. नटी असो की मोलकरीण, विचारल्याशिवाय आणि हो आल्याशिवाय केसाला हात नाही.

सविता कंगवा धरून थांबली. आम्ही सगळ्याच थांबलो...

वहिनीने तेलाची वाटी बाजूला सरकवली. म्हणाली, "लाव गं. व्हय म्हनली ती."