बाबलकाकांचा टाको

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत बाबलकाका राहायला आले, तेव्हा टेम्पोतून सगळ्यात आधी उतरली ती लोखंडी शेगडी. ती त्यांनी स्वतः उचलून दुसऱ्या मजल्यावर आणली आणि आमच्या गॅलरीला लागून असलेल्या त्यांच्या गॅलरीत मांडली. कपाट, पलंग हमालांनी कसेही आपटले तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मूळचे मालवणकडचे. तीस वर्षं मालवाहू बोटींवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. बायको लवकर गेली, मुलगी नंदा, काकांच्या मालवणीत त्यांचं 'चेडू', गावी आत्याकडे वाढली. आता नंदा वाशीत नोकरी करत त्यांच्याबरोबर राहायची, पण बोलायची पाहुण्याशी बोलावं तशी. "बाबा, चहा ठेवलाय," यापुढे गाडी सरकत नसे. काकांना ते फार लागायचं. म्हणायचे, "धा देशांच्या खलाशांका जेवक घातलंय. पोटच्या पोरीक काय आवाडता, ता माका ठावक नाय!"

मी साताऱ्याची. मटणात पटाईत, माशापुढे ठार अडाणी. काकांनी मला मासा भाजायला शिकवलं. मी उतावीळपणे तुकडा सारखा उलटायला गेले की हसायचे, "वयनी, घाय कित्याक? मासो मेलेलो हा, पळाचो नाय."

नंदाला स्थळ सांगून आलं. रविवारी संध्याकाळी मंडळी बघायला येणार होती. काकांनी पोह्यांना साफ नकार दिला. मेक्सिकोच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी टाको खाल्ला होता: मक्याच्या पातळ भाकरीत भाजलेला मासा आणि वर फळांची तिखट कोशिंबीर. तोच करायचा, आणि नंदाला आधी कळू द्यायचं नाही. "माज्या हातचा एकदा तरी काय तरी होवंदे तिच्यासाठी," म्हणाले. भाकऱ्या मी थापते, म्हटलं.

नंदा माझ्या घरी साडी नेसत होती. तिकडे काकांच्या स्वयंपाकघरात मी मक्याऐवजी तांदळाच्याच लहान लहान भाकऱ्या थापल्या. काकांनी सुरमई निखाऱ्यांवर भाजली, अननस, कैरी, कांदा, मिरची बारीक चिरून वर लिंबू पिळलं.

मंडळी आली, नंदाही येऊन बसली. ताटल्या समोर गेल्या आणि मुलाची आई अवघडून म्हणाली, "अहो, आज संकष्टी. आमच्याकडे सगळ्यांचा उपास असतो."

कॅलेंडर माझ्याच स्वयंपाकघरात टांगलेलं होतं, आणि मी बाई रविवार तेवढा बघितला, तिथी नाही! काका चिमटा हातात धरून दारातच थिजले. "बोटीर आमका वार तेवडो म्हायत," कसंबसं पुटपुटले.

तेवढ्यात नंदाने वाकून एक टाको उचलला.

"माझा उपास नाही. बाबांनी केलंय, मी खाते."

नव्या साडीत, कोपरापर्यंत अननसाचा रस ओघळत असताना तिने तो संपवला आणि दुसरा घेतला. मुलाची आई बघतच राहिली. मंडळी दोन केळी खाऊन उठली.

चार दिवसांनी निरोप आला, योग नाही म्हणून. मी तोंड पाडून काकांकडे गेले. गॅलरीत शेगडी पेटली होती, नंदा तिच्यापुढे बसून मासा उलटत होती आणि ऑफिसातलं काहीतरी भडाभडा सांगत होती. मी म्हटलं, "काका, चुकलंच माझं. कॅलेंडर बघायला हवं होतं."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तेव्हा मला बाजूला घेऊन हळूच बोलले ते अजून कानात आहे.

"थळ गेला तर जावंदे, वयनी. माजा चेडू माका गावला."