स्वातीच्या चित्रावर मी पाणी मारलं

मुलगा म्हणे, जाऊन पाह्य. पोरगी उगाच वेळ घालवून राह्यली असंल तं सोबतच घेऊन ये. स्थळ आलं होतं, पोराचा फोटो त्यानं माह्या थैलीत टाकला. स्वाती त्याची पोरगी, माही नात. संभाजीनगरले कारखान्यात दुसऱ्या पाळीत काम करते, अन् अर्ध्या रात्री सुटल्यावर दिसते ते शहर कागदावर रंगवते. त्या चित्रांचं प्रदर्शन होतं.

आमच्या मेहकरकडच्या मालेगावच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरा, खिडकी भेटते. पंचाहत्तरी झाली असंल तं तिकीट नाही, आधार कार्ड वरच ठेवा. मेहकरले भजे गरम असले तरच घ्या. जालना गेलं की कारखाने लागतात.

हॉलमध्ये मी एकेका चित्रापुढं उभी राह्यली. ओला डांबरी रस्ता, त्यावर सांडलेले दिवे, नव्या पुलाचे अर्धे खांब, धुराड्याजवळून घरी जाणाऱ्या बाया. काळा रंग कुठंच नाही, जांभळा, निळा. आमच्या वावरात मोटारीची लाइन रात्री येते, म्हणून जलमभर मी वांग्याले रात्रीच पाणी देलं. रात्र काळी नसते हे मले ठाऊक होतं. ते कोणाले दाखवायचं असते, हे ठाऊक नव्हतं.

दुपारी दोन माणसं पायऱ्या चढताना दिसली. दाराजवळचं चित्र मले सुकल्यावानी वाटलं. बाजारात गिऱ्हाईक दिसलं की भाजीवर पाणी मारायची सवय. बाटलीतलं पाणी हातावर घेतलं अन् मारलं. काच नव्हती. दिवे वघळले, पूल वाहून गेला.

स्वाती धावत आली. "आजी, रंगच पाण्याचे हायेत वं."

"मंग सांगायचं नाही?"

"तू माल ताजा करशील, हे मले काय माहीत?"

किती दिवसाचं होतं, मी विचारलं. तीन रविवार, म्हणे, अन् दुसरं चित्र लावाले गेली. त्या माणसांनी विचारलं तं तिनं झालं तेच हसून सांगितलं. अशा पोरीले कोणत्या तोंडानं घेऊन येऊ? तिच्या खोलीवर पिठलं-भाकर खाल्ली, फोटो थैलीतच राह्यला. निघताना ते वघळलेलं चित्र मागून घेतलं.

परत आली तं स्टँडवर मुलगा उभा. "स्वाती कुठं हाय?"

"कामावर." चित्र त्याच्या हातात देलं. "हे एक मी बिघडवलं. बाकीची तिले काढू दे."

 घरी गेल्यावर स्थळवाल्यांले नाही म्हणायचा फोन त्यानंच केला.

भलं होवो पोरीचं. आता लाइन आली की वावरात जाताना मी बॅटरी लगेच लावत नाही. आधी रात्र पाहून घेते.